शॉवेल बाहेर काढताना

चार नंबरचा आरसा पुन्हा सरकला होता.

मी डोळा चोळला, सर्व्हेच्या दुर्बिणीचं भिंग रुमालाने पुसलं आणि परत नेम धरला. तोच आकडा. आदल्या अख्ख्या दिवसात तो आरसा जेवढा हलला नव्हता, तेवढा सकाळच्या चहापासून आतापर्यंत हलला होता. शेजारच्या आरशांचंही तेच. मी मांडीवर आलेखाचा कागद घेतला, नवा ठिपका मांडला, पट्टी ठेवून रेघ ओढली. रेघ सरळ उतरत होती, आणि कागदाच्या तळाला जिथे टेकत होती तिथे आजचीच संध्याकाळ होती.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. नागपूरला शिकताना ही रेघ मी फक्त फळ्यावर पाहिली होती. उतार जितका जोरात सरकू लागेल तितकी रेघ खाली येते, आणि ती तळाला टेकते तेव्हा उतार कोसळतो. सरांनी शिकवलं, आम्ही परीक्षेत लिहिलं, विसरून गेलो. आणि आता समोर खाणीची एक अख्खी भिंत त्या रेघेबरहुकूम चालली होती.

वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी तेव्हा नोकरीला होते. सव्वीस वर्षांची, वर्षभर जुनी अधिकारी. काम एकच, खाणीचे उतार सांभाळायचे. खाण म्हणजे जमिनीत खणलेला प्रचंड खड्डा. त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी खाली जातात, आणि प्रत्येक पायरीला आम्ही बेंच म्हणतो. वरून काळी माती, मग वाळूचा दगड, मग शेल, आणि शेलखाली कोळसा.

हा शेल मोठा फसवा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चिखलच तो, थरावर थर दाबून घट्ट झालेला. कोरडा असताना हातोडीने फुटत नाही. पण आमच्या पूर्वेकडच्या भिंतीत त्याचे थर खड्ड्याच्या बाजूला कललेले होते, आणि दोन थरांच्या मधे करड्या मातीचा एक पातळ पापुद्रा होता. शिवाय सगळ्या दगडाला उभ्या भेगा, दोन दिशांनी, ताटात थापलेल्या वडीला सुरीने रेघा माराव्यात तशा. वड्या पडलेल्याच होत्या, ताट कललेलंच होतं. ताटाला तूप लागायचं तेवढं बाकी होतं. त्या वर्षी दसरा उलटून गेल्यावर चार दिवस पाऊस पडला आणि भिंतीमागचं तळं काठोकाठ भरलं. ते पाणी भेगांतून त्या पापुद्र्यापर्यंत पोचलं. तूप लागलं.

वरच्या जमिनीवर मला चीर दिसली ती त्याच आठवड्यात. पहिल्या दिवशी तिच्यात माझी बोटं जात होती, तिसऱ्या दिवशी बूट जाऊ लागला. मी सरकणं मोजायला भिंतीवर आरसे बसवून घेतले, खड्ड्याच्या पश्चिमेच्या काठावर दुर्बीण मांडली आणि तिथेच ठाण मांडून बसले.

मी वॉकीटॉकीवर बोलावल्यावर वांढरे साहेब जीपने आले. हे आमचे मॅनेजर. जाड काचांचा चष्मा, बोलणं कमी, रागावले तरी आवाज चढायचा नाही. त्यांनी कागद हातात घेतला, रेघ पाहिली, मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"आज?"

"आज, सर. अंधार पडायच्या आत."

"खालची माणसं मी काढतो लगेच. पण शॉवेल?"

त्या भिंतीच्या पायथ्याशी, मधल्या बेंचवर आमची सगळ्यांत मोठी शॉवेल उभी होती. दगड खणून उचलणारी, विजेवर चालणारी, दुमजली घराएवढी. अशा दोनच होत्या खाणीत. ती तिथेच राहिली तर शेलखाली गाडली जाणार होती. बाहेर काढायची तर बेंचवरून उत्तरेच्या टोकापर्यंत, सगळा वेळ त्या भिंतीच्या खालून चालवत न्यायला हवी होती. आणि शॉवेल चालते म्हणजे रांगते. लग्नाच्या वरातीतला नवरदेवही तिच्यापुढे निघून जाईल.

"दोन तास लागतील," साहेब म्हणाले. "वेळ आहे की नाही तेवढं सांग. बाकीचं माझ्यावर."

आज असा प्रश्न कोणी विचारणार नाही. हलत्या भिंतीखाली यंत्रासाठी माणूस पाठवायचा नाही, हे आता अगदी पोरसवदा अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. तेव्हा असे निर्णय काठावर उभं राहून घेतले जात. मी रेघ पुन्हा ओढली, आरशांचे आकडे वेगवेगळे धरून पाहिले. सगळ्यांत वाईट धरलं तरी दुपारी तीन यायचे.

"दोन तास आहेत, सर. दुपटीने आहेत. पण आत्ताच्या आत्ता निघायला हवं."

साहेबांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेली. डोझर उत्तरेच्या टोकाला उभा राहून शॉवेलची विजेची केबल ओढून घेईल, म्हणजे केबलवाल्या माणसांना आत जावं लागणार नाही. ड्रायव्हर इक्बालभाई जीप घेऊन शॉवेलच्या पुढे पुढे राहतील, इंजिन चालूच. आणि शॉवेलमध्ये ऑपरेटर एकटा. त्यांनी सगळं नीट सांगितलं. मग विचारलं, "ऑपरेटर, ऐकलं का? मडावी?"

त्या पाळीला मडावीच असायचे. मीही मडावीच धरून चालले होते.

"मडावी नाही साहेब," वॉकीटॉकीतून आवाज आला. "त्याच्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले आज. मी आलो त्याच्या जागी. ताजने बोलून राहिलो."

ताजने म्हणजे श्रावण ताजने. माझे बाबा.

बाबा त्या खाणीत तेवीस वर्षांपासून होते. मी खाणीच्या कॉलनीतच वाढले. मी अधिकारी होऊन त्याच खाणीत रुजू झाले तेव्हा त्यांनी घरी एकदाच सांगितलं, की कामावर मी तुले मॅडम म्हणीन, तू मले ताजने म्हणजो. मला काही ते जमलं नाही, मी त्यांना कामावर काहीच म्हणत नसे. ते मात्र न चुकता मॅडम म्हणायचे, तेही चारचौघांत, छाती काढून.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातली वॉकीटॉकी जवळजवळ ओढूनच घेतली.

"शॉवेल राहू द्या. तुम्ही खाली उतरा आणि जीपमध्ये बसा."

पलीकडून खरखरत उत्तर आलं.

"मॅडम, साहेब त म्हणाले का वेळ आहे."

"आहे, पण... खात्रीने नाही सांगता येत. उतरा तुम्ही."

"हे कवा बदललं?"

वॉकीटॉकीवर सगळी खाण ऐकत होती. डोझरवाला, इक्बालभाई, वरच्या ऑफिसातले सगळे.

"एक विचारतो, मॅडम," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "इथं मडावी असता त काय सांगतलं असतं तुम्ही त्याले?"

दुर्बीण समोरच होती. मी तिला डोळा लावला. पिवळी शॉवेल, तिची केबिन, केबिनच्या काचेमागे एक ठिपक्याएवढं डोकं. वर ती काळपट भिंत, भेगांच्या जाळीने भरलेली. मी भिंतीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. भिंत तीच होती. रेघही तीच होती.

"वेळ आहे, असं सांगितलं असतं," मी म्हणाले.

"मंग मलेही तेच सांगा."

मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"वेळ आहे. निघा. पण एक अट आहे. मी उतरा म्हटलं की उतरायचं, मशीन असेल तिथे सोडून. का म्हणून विचारायचं नाही."

"हाव, मॅडम."

शॉवेलचा भोंगा वाजला आणि ती हलली.

आधी ती जागच्या जागी फिरली, लोखंडी हात उत्तरेकडे वळवला, बकेट उचलून घेतलं आणि पट्ट्यांवर करकरत निघाली. पुढे इक्बालभाईंची जीप, माणूस चालतो तशी. त्याच्याही पुढे, दूर टोकाला, केबल गोळा करणारा डोझर. वरच्या काठावर बघ्यांची गर्दी झाली होती. साहेबांनी ती मागे हटवायला माणसं पाठवली. मी आरशांवरून नेम फिरवत राहिले. एक, दोन, तीन, चार, पाच, परत एक. आकडा घ्यायचा, ठिपका मांडायचा, रेघ ओढायची. माझ्या मागे कोणीतरी चहा आणून ठेवला होता, तो मी प्यायल्याचं मला आठवत नाही.

पहिला तास रेघ जराही हलली नाही. मी म्हटलं होतं तशीच उतरत राहिली, आणि माझ्यात पुन्हा ते सकाळचं वारं शिरलं. जमतंय, हे जमतंय. शॉवेलने अर्ध्याहून जास्त वाट कापली. मधे एका ठिकाणी बेंच दबला होता, तिथे बाबांनी मशीन थांबवली, बकेटने स्वतःच मुरूम ओढून खळगा भरला, वरून बकेटची पाठ आपटून तो बसवला आणि पुढे निघाले. साहेब स्वतःशीच हसले.

"तुझा बाप रस्ता करत चाललाय," ते म्हणाले.

भिंतीवरून अधूनमधून खडे सुटत होते. दुर्बिणीतून ते आवाजाशिवाय पडताना दिसायचे आणि टपटप मागाहून ऐकू यायची. भिंतीच्या पायाशी, थरांच्या मधून पाण्याच्या चार-पाच धारा वाहत होत्या, सकाळपासून. मी त्यांच्यावरही डोळा ठेवून होते. पाणी बाहेर पडतंय तोवर आत दाब साठत नाही.

मग एकदा नेम चारवरून पाचवर नेताना मला त्या धारा दिसल्या नाहीत.

मी परत पाहिलं. दगड ओला होता, चकाकत होता, पण पाणी थांबलं होतं. एक धार नाही, सगळ्याच. आत कुठेतरी थर सरकून भेगांची तोंडं मिटली होती. तळ्याचं पाणी मागून येतच होतं, त्याला वाट राहिली नव्हती.

चार नंबर. आकडा लिहिला. मग परत चार नंबर, लगेच. दोन आकड्यांत एवढा फरक होता की मला वाटलं माझाच नेम चुकला. तिसऱ्यांदा घेतला. मग पाच. मग दोन. मी ठिपके मांडले आणि पट्टी ठेवायची गरज उरली नाही. रेघ मोडली होती. ती आता उतरत नव्हती, पडत होती. संध्याकाळ नाही, तीन नाही. आत्ता.

"उतरा," मी वॉकीटॉकीत म्हणाले. "मशीन सोडा. उतरा."

"वनिता," साहेब माझ्या बाजूला आले, "टोक समोर दिसतंय. पाच मिनिटांची वाट आहे."

"पाच मिनिटं नाहीत, सर."

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरकले.

दुर्बिणीत मी पाहिलं तेव्हा शॉवेल थांबलेली होती. बाबांनी एक शब्दही विचारला नव्हता. केबिनचं दार उघडलं, बाबा शिडीवर आले. शिडी ते कधी धावत उतरत नसत, दोन्ही हात धरून एकेक पायरी उतरायचे. त्या दिवशी त्यांनी शेवटच्या तीन-चार पायऱ्या सोडून उडीच मारली, गुडघ्यावर पडले, उठले. इक्बालभाईंनी जीप मागे घेतली होती, दार उघडंच होतं. बाबा आत पडले आणि जीप सुटली.

भिंत आधी फुगली. खरंच फुगली, एखाद्या पोत्याला आतून कोणी खांदा द्यावा तशी. पायाजवळचा एक ठोकळा बाहेर आला, सावकाश, ड्रॉवर ओढावा तसा, आणि त्याच्यामागचे सगळे ठोकळे एकदम सुटले. वरची काळी माती, तिच्यावरची बाभळीची झाडं उभीच्या उभी खाली निघाली. झाडं पडली नाहीत, उभ्यानेच घसरत आली. मग आवाज पोचला. तो कानाने नाही, तळपायांनी ऐकू आला. दुर्बिणीची तिपाई थरथरली. त्यानंतर धूळ उठली, करडी, काळी, खड्डाभर, आणि समोर काहीच उरलं नाही. ना भिंत, ना शॉवेल, ना जीप.

"इक्बाल," साहेब वॉकीटॉकीत म्हणाले. "इक्बाल, बोल."

खरखर.

"ताजने. इक्बाल. कोणीतरी बोला."

काठावर माणसं एकमेकांना धरून उभी होती. मी दुर्बीण उत्तरेच्या टोकावर फिरवली आणि धुळीत पाहत राहिले. धुळीतून पहिल्यांदा दोन दिवे दिसले. इक्बालभाईंनी भर दुपारी जीपचे दिवे लावले होते.

"आलो साहेब," वॉकीटॉकीतून खोकत आवाज आला. "दोघंही आलो."

मग मात्र सगळे एकदमच बोलायला लागले. कोणी माझे हात हलवत होतं, कोणी शिट्ट्या मारत होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, डोळ्याला लावला आणि परत काढून पुसला. मी धावत साहेबांच्या जीपकडे गेले.

खड्ड्याला वळसा घालून उत्तरेच्या टोकाला पोचायला बराच वेळ लागला. तोवर धूळ बसायला लागली होती. शॉवेल कमरेपर्यंत शेलमध्ये गाडली गेली होती आणि एक भला मोठा चौकोनी ठोकळा, भेगांनी कापून दिलेला, सरळ केबिनमधून आत घुसला होता. ऑपरेटरची खुर्ची असते तिथे.

बाबा एका दगडावर बसले होते, केस भुवयांसकट करडे, हातात कोणाची तरी पाण्याची बाटली. मला पाहून ते उठायला लागले.

"बसा, बसा," मी म्हणाले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. आम्ही दोघं केबिनकडे बघत होतो. इक्बालभाई दूर जाऊन उभे राहिले.

"गुडघा?" मी विचारलं.

"खरचटला."

"बाबा, सकाळी तुम्ही एवढं उलटं विचारलंत मला, सगळ्यांसमोर. मग दुसऱ्यांदा का नाही विचारलं? मी परत भ्याले असेन, असं वाटलं नाही?"

त्यांनी पाण्याचा घोट घेतला, चूळ भरली, थुंकले. करडं पाणी.

"सकाळी तुया आवाज कापून राहिला होता," ते म्हणाले. मॅडम संपलं होतं, ते 'तू'वर आले होते. "मले समजलं, हे माही पोट्टी बोलून राहिली. दुसऱ्या वख्ती तसं नोयतं. डॉक्टर नाई का सांगत, सुई टोचतो, हात सरळ ठेवा. तसं बोलली तू. मी म्हटलं, आता मॅडम बोलून राहिल्या. उतरा आता."

जे खरं होतं ते मला त्याच क्षणी, तिथे बसल्यावर कळत होतं. ते सांगून टाकलं.

"बाबा, उतरा म्हणाले ना मी, तेव्हा आत तुम्ही आहात हे माझ्या लक्षातच नव्हतं. पाणी थांबलं, मग आकडे, मग रेघ. तेवढंच डोक्यात होतं. आत कोण आहे हे मी विसरूनच गेले होते."

मला वाटलं त्यांना लागेल. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्या करड्या तोंडात दात दिसले.

"म्हणून त जित्ता आहो मी," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. कामाच्या जागी, सगळ्यांसमोर. त्यांनी धुळीचा हात माझ्या केसांवरून फिरवला, आणि मधेच थांबवला.

"वने."

"काय?"

"डबा राह्यला न केबिनमदी. तुया आईनं परवाच घेतला, चार कप्प्याचा."

मी शॉवेलकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. ते खरोखरच काळजीत होते.

"भरलेला होता?"

"हात नोयता लावला. पातोडीची भाजी होती."

इक्बालभाईंना आम्ही दोघं एकदम का हसायला लागलो ते कळेना. ते जवळ आले, बाबांना हात देऊन उठवलं आणि जीपकडे नेऊ लागले. बाबा लंगडत दोन पावलं गेले आणि वळले.

"घरी तू सांगजो तिले," ते म्हणाले. "भिंतीचं मी सांगतो. डब्याचं तू."